पाठमोरा खेकडा

खिदिरपुरात काय मिळत नाही ते सांगणं कठीण आहे. गोदीमागच्या गल्ल्यांत जहाजांचे जुने दोर मिळतात, पितळी कंदील मिळतात, परदेशी अत्तरं मिळतात, जपानी घड्याळंही मिळतात. घड्याळ किती जपानी आहे ते पाठ बघून ठरवायचं. झाकण उघडून आतलं यंत्र दाखवा म्हणणाऱ्याला इथं गिऱ्हाईक समजत नाहीत.

मिळत नाही तो एकच जिन्नस, दगड. पोर्टातल्या नोकरीनं मला इथं आणून टाकलं त्या वर्षी बायकोला लोणच्यावर दाब ठेवायला एक गुळगुळीत गोटा हवा होता. सगळा पाडा पालथा घातला. भूकैलासच्या देवळात काळ्या दगडाच्या माणसाहून उंच अशा दोन पिंडी आहेत, पण त्या काही उसन्या मागता येत नाहीत. शेवटी शेजारच्या मास्टरमोशायांनी मोठ्या आदबीनं एक वीट आणून दिली. विटेवर विठोबा उभा राहतो हे खरं, पण कैरीच्या लोणच्यावर वीट ही कल्पना मालवणच्या मुलीला काही पटेना. तिनं वीट गॅलरीत तुळशीखाली ठेवली आणि माहेरी पत्र लिहिलं की इथली माणसं चांगली आहेत, जमीन भिकार आहे.

जमिनीबद्दलचं तिचं मत इंग्रजांनी आधीच सिद्ध करून ठेवलं होतं. आमच्या इथून नाला ओलांडला की मैदान आणि त्यापुढं फोर्ट विल्यम. तिथं १८३५ ते १८४० अशी पाच वर्षं साहेबानं पिण्याच्या पाण्यासाठी भोक पाडलं. ४८१ फूट खाली गेला. वाळू लागली, चिखल लागला, कुजकं लाकूड लागलं, कासवाच्या कवचाचे तुकडे लागले. खडक काही लागला नाही. अशा शहरात भारताच्या भूविज्ञान सर्वेक्षणाचं मुख्यालय १८५१ पासून आहे. दगडांवर निर्वेधपणे विचार करायचा तर आसपास दगड नसलेला बरा, असं काहीतरी धोरण असावं.

उलट आपला महाराष्ट्र. दगडांत आपण गडगंज, पण आपला बहुतेक दगड लाव्हाचा. त्यात प्राणी सापडायचा तर तो दोन लाव्हांच्या मधल्या सुट्टीत मेलेला असावा लागतो. मुंबईत वरळीला असा एक इवलासा बेडूक सापडला आणि रिचर्ड ओवेननं १८४७ मध्ये त्याचं बारसं केलं. पण खेकडा? सबंध सह्याद्री फोडला तरी दगडातला खेकडा मिळायची मारामार. म्हणून माझा भाचा, पुण्यात भूशास्त्र शिकलेला, खेकड्यांसाठी कच्छला गेला आणि तिथले खेकडे ओळखण्यासाठी कोलकात्याला आला. कोलकात्यात मामाचं घर फुकट असल्यामुळं खिदिरपूरला आला.

आल्या आल्या त्यानं बुटाच्या खोक्यातून कापसात गुंडाळलेला एक तपकिरी गोटा काढून टेबलावर ठेवला. बायकोनं तो उचलला, तळहातावर तोलला आणि म्हणाली, "हा चालेल."

"कशाला?" भाच्यानं विचारलं.

"लोणच्याला."

त्या दिवसापासून तो खोकं उशाशी घेऊन झोपायला लागला.

गोट्याच्या एका अंगाला खेकड्याची पाठ होती. नुसती पाठ. पाय नाहीत, नांग्या नाहीत, पोट दगडात रुतलेलं. तिरप्या उजेडात धरलं की रुंद, फुगीर कवच, पुढं डोळ्यांच्या दोन खोबणी आणि कडेला बोथट गाठी दिसत. हा काही कोटी वर्षांपूर्वीचा आहे असं भाच्यानं सांगितलं. शेजारचे मास्टरमोशाय जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेले. त्यांनी चष्मा सरसावला.

"काही कोटी म्हणजे किती?"

"दोन. किंवा चार."

"दोन कोटी वर्षांचा फरक तुमच्याकडे किरकोळीत जातो?"

"वय मी खडकावरून सांगतोय, काका. जात ठरली की नीट सांगता येईल."

मास्टरमोशाय मनापासून खूश झाले. आपण मराठी म्हणजे मूळचे बर्गी, बंगाल लुटणारे मराठे स्वार, ही ओळख ते पाहुण्यांना अजूनही करून देतात. आमच्या भीतीनं १७४२ मध्ये कोलकातेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता, तीन मैल झाल्यावर काम थांबलं, कारण आम्ही आलोच नाही. ते देणं आपण अजून लागतो असा त्यांचा सूर असतो. आता बर्गी आले ते निदान खेकड्याची जात विचारायला आले, याचं त्यांना समाधान वाटलेलं दिसलं.

जात ठरवायचा आमच्या घरातला अधिकार तोवर बाजारातल्या मासेवाल्याकडे होता. तो ऑर्फनगंज बाजाराच्या तोंडाशी बसतो. पुढ्यात सुतळीनं आवळलेली चिंबोऱ्यांची टोपली. गिऱ्हाईक आलं की एक उचलतो, उलटी करतो आणि पोटावरच्या झाकणाला अंगठ्याचं नख लावतो. झाकण अरुंद, टोकदार असेल तर नर. रुंद, गोल, पोटभर पसरलेलं असेल तर मादी. मग तेच झाकण जरासं उचलून आतला नारिंगी रंग दाखवतो आणि म्हणतो, "बौदी, घिलू भर्ती." आपल्याकडे त्यालाच लाख म्हणतात आणि तेवढ्यासाठी कोळणीशी भांडतात. ह्या सगळ्या तपासणीत चिंबोरीची पाठ तो एकदाही बघत नाही. पाठ बघून काय करायचंय? पाठ खाता येत नाही.

भाच्याला आम्ही हौसेनं त्याच्याकडे नेलं. त्यानं दगड हातात घेतला, सवयीनं उलटा केला, नख लावलं आणि परत दिला. "दादा, पेट नेई," म्हणाला. पोट नाही. त्याच्या दृष्टीनं विषय संपला.

गंमत म्हणजे शास्त्रज्ञही मनातून मासेवाल्याच्याच पक्षाचे. जिवंत खेकड्याची जात ठरवताना तेही आधी त्याला उलटा करतात. नराच्या पोटाखालची पायांची पहिली जोडी फार महत्त्वाची, असं भाचा सांगू लागला. ती जोडी चालण्यासाठी नसते.

"मग कशासाठी असते?" मामीनं विचारलं.

भाचा पाणी प्यायला.

मग त्यानं आवाज जरा शास्त्रीय करून सांगितलं की दानिएल गिनो नावाच्या फ्रेंच बाईंनी १९७७ च्या सुमारास जननछिद्रं पायाच्या मुळाशी आहेत की छातीच्या पाटीवर, एवढ्यावरून सबंध खेकडेकुळाची तीन घरं पाडली. २००८ साली तिघांनी मिळून, आणि त्यांत ह्या बाईही आहेत, जगातल्या खेकड्यांची यादी केली. ती ६,७९३ जातींची झाली. यादी करणारे मुख्यतः जिवंत खेकडे बघणारे. पण दगडातल्या खेकड्याकडे ना ती जोडी उरते, ना बरेचदा पोट. मग करायचं काय? तर पाठीवरची अशी लक्षणं हुडकायची की जी पोटाखालच्या लक्षणांच्या बरोबरीनं चालतात. अमेरिकेतल्या कॅरी श्वाइट्झर यांनी २००३ मध्ये ह्याच विषयावर निबंध लिहिला: कवचाची रुंदी, डोळ्यांच्या खोबणींमधलं अंतर, कडेच्या दातांची मांडणी असली मोजमापं मुखत्यारपत्र घेऊन पोटाच्या वतीनं साक्ष देतात.

"म्हणजे तोंड न बघता पाठीवरून मुलगी पसंत करायची," मामीनं सार काढलं.

"मुलगा," भाच्यानं दुरुस्ती केली. "पण तेही पाठीवरून सांगता येत नाही."

ह्या धंद्याचा मूळपुरुष दुसराच. पॅरिसचा आन्सेल्म देमारे. त्यानं १८२२ मध्ये दगडातल्या खेकड्यांवर पुस्तक काढलं. त्याच्या ध्यानात आलं की खेकड्याच्या पाठीवरचे उंचवटे आणि खळगे उगाच नसतात. खाली जो अवयव असेल त्याच्यावर तेवढा भाग उठलेला असतो. मधोमध पुढं जठराचा मुलूख, त्यामागं हृदयाचा, पुढच्या कोपऱ्यांत यकृताचे दोन सुभे आणि दोन्ही बगलांना कल्ल्यांची मोठी जहागीर. मधून मानेची खाच जाते. ही वाटणी आजही जशीच्या तशी वापरतात. भाच्यानं लाकडी टूथपिकनं दगडावर एकेक मुलूख दाखवायला सुरुवात केली तेव्हा मास्टरमोशायांचा भूगोल जागा झाला. त्यांनी सीमाप्रश्न काढला. यकृत इथं संपतं हे कशावरून? कल्ल्यांची हद्द नदीपर्यंत की नदीपलीकडे? भाचा खाच म्हणत होता, ते नदी म्हणत होते. बेळगाव कोणाचं ह्या प्रश्नावर जन्म काढलेल्या घरातल्या मला मात्र ती चर्चा अजिबात लांबलेली वाटली नाही.

सगळ्यात करमणूक दातांची. खेकड्याचे हे दात तोंडात नसतात, कवचाच्या पुढच्या कडेला असतात आणि ते मोजण्यात ह्या शास्त्रातले बहुतेक विद्वान म्हातारे झालेले आहेत. आपली काळी चिंबोरी घ्या: दोन डोळ्यांच्या मध्ये चार दात आणि दोन्ही कडांना नऊ-नऊ. हिशेब सोपा. पण आमच्या दगडावर एका बाजूला सहा गाठी भरत आणि दुसऱ्या बाजूला सात किंवा आठ, कोण मोजतंय त्यावर. मास्टरमोशाय आठ म्हणत. मामी सहा म्हणे, कारण उरलेल्या दोन तिला घाण वाटत. भाच्यानं शिवणाच्या डब्यातली सुई मागून घेतली आणि एका गाठीभोवतीचा दगड कणाकणानं उकरायला बसला. संध्याकाळपर्यंत कळलं की ती गाठ नव्हती, शिंपल्याचा तुकडा होता. मामी त्याचीच वाट पाहत बसली होती.

मी म्हटलं, अरे, ताटातली चिंबोरी शेजारी ठेवून ताडून बघ. निदान तिची जात तरी नक्की असेल. त्यावर तो हसला. हसण्यासारखंच होतं. ह्या चिंबोरीला स्किल्ला सेर्राटा म्हणतात. पहिलं वर्णन पीटर फोर्स्कोल ह्या स्वीडिश पंडिताचं. तो डेन्मार्कच्या राजानं अरबस्तानात धाडलेल्या तुकडीत होता आणि १७६३ मध्ये येमेनात तापानं गेला. त्या तुकडीतून जिवंत परत गेला तो एकटा कार्स्टन नीबूर. हाच नीबूर मधल्या काळात मुंबईत मुक्काम करून घारापुरीच्या लेण्यांची मापं घेत होता. घरी पोचल्यावर त्यानं मित्राची टिपणं १७७५ मध्ये छापली आणि त्यात आपली चिंबोरी. म्हणजे शेवंडांच्या आणि चिंबोऱ्यांच्या मुंबईत बसून लेणी मोजलेल्या माणसानं चिंबोरीचं नाव युरोपात छापून आणलं.

एवढ्यावर प्रकरण मिटायला हरकत नव्हती. पण १९४९ मध्ये फिलिपीन्सच्या एस्टाम्पादोर यांनी ही एक जात नसून अनेक आहेत असं सांगितलं. १९६० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी सगळ्या परत एकीत घातल्या. १९९८ मध्ये तिघांनी प्रथिनं, जनुकं आणि दात असं सगळं तपासून चार जाती जाहीर केल्या आणि तेव्हा कुठं जग थांबलं. फरक कसला? कपाळावरचे दात उंच की बसके, टोकदार की बोथट, आणि नांगीच्या मनगटावर बाहेरून काटे दोन की एक. बंगालच्या खाड्यांतून वर्षानुवर्षं सेर्राटा म्हणून खपलेल्या पुष्कळ चिंबोऱ्या नव्या हिशेबानं ओलिव्हेसिया निघाल्या. चिंबोरी जिवंत होती, हातात होती, चावत होती, तरी एवढा काळ लागला. इथं तर कपाळच झिजलेलं.

हे ऐकल्यावर मामीनं मासेवाल्याला विचारलं, "ही सेर्राटा की ओलिव्हेसिया?" तो म्हणाला, "बौदी, ओटा आटशो टाका." आठशे रुपये. प्रश्नाचं इतकं नेमकं उत्तर १९९८ च्या त्या निबंधातही नसेल.

त्याच्याच टोपलीच्या बाजूला पसरट, पिवळट तपकिरी, छोट्या खेकड्यांचा ढीग असतो. बंगाली माणूस त्यांना चिती काँकडा म्हणतो आणि मोहरीच्या तेलात परतून पायांसकट चावून खातो. भाच्यानं त्यांतला एक उचलून पाठ दाखवली. पाठीच्या मधोमध इंग्रजी एच्‌सारखी खाच, जणू कोणी आद्याक्षर कोरलंय. शास्त्रीय नाव वरुणा लिट्टेराटा, म्हणजे अक्षरं लिहिलेला. वरुणा हे घराण्याचं नाव १८३० मध्ये आंरी मिल्न-एडवर्ड्‌स ह्या फ्रेंच गृहस्थांनी ठेवलं. आपल्या आजोबांनी ज्याला रोज संध्येत आळवलं तो वरुणदेव खिदिरपूरच्या बाजारात ढिगानं विकला जातो, हे ऐकून मामीनं त्या दिवसापुरती खरेदी रद्द केली. दुसऱ्या दिवशी आणली.

पण हाच चिती काँकडा दगडात मिळाला तर तो नुसत्या पाठीवरून कोणीही ओळखील, असं भाच्याचं म्हणणं. काहींच्या पाठी सही केल्यासारख्या असतात. काहींच्या बिनसहीच्या. आमच्याच वाट्याला दुसरा प्रकार यावा, याचं मला घरच्या एकूण इतिहासावरून नवल वाटलं नाही.

मग फोटोचा दिवस उगवला. भाच्यानं सकाळी विचारलं, "मामी, नवसागर आहे?"

मामीच्या चेहऱ्यावर एकदम मालवणातलं अंगण आलं. नवसागर म्हटलं की कल्हईवाला, भाता, तापलेलं पातेलं, कापसाचा बोळा फिरताच उठणारा पांढरा धूर. पण आमच्याकडे कल्हईची भांडीच उरली नाहीत, नवसागर कुठला? मास्टरमोशायांनी त्याला इथं निशादल म्हणतात हे सांगितलं आणि भाच्याला भांड्यांच्या गल्लीत नेऊन पुडी आणून दिली. दुकानदारानं कशाला हवंय असं विचारलं. खेकड्याला लावायला, असं मास्टरमोशायांनी अभिमानानं सांगितलं.

रीत अशी: आधी दगडावर काळी शाई पातळ करून फासायची, म्हणजे त्याचे स्वतःचे डाग आणि रंग झाकले जातात. मग काचेच्या नळीत नवसागर तापवून त्याचा पांढरा धूर कवचावर सोडायचा. अंगभर बारीक पूड बसते आणि तिरप्या उजेडात एकेक दाणा, एकेक खाच उठून दिसते. दिवा नेहमी डाव्या हाताला, वरच्या बाजूला ठेवायचा. सगळ्या जगात हाच संकेत. उलट्या बाजूनं उजेड दिला तर वाचणाऱ्याला उंचवटा खळगा वाटतो आणि खळगा उंचवटा. आमच्या स्वैपाकघराच्या ओट्यावर हा विधी सुरू झाला. धूर झाला, मामी खोकली, मी खोकलो, खेकडा चुन्यासारखा पांढराशुभ्र झाला. क्षणभर तो असा काही दिसला की मास्टरमोशायांनी नकळत हात जोडले. गणपतीच्या पोटासारखी ती फुगीर पाठ, तिच्यावर मोहरीएवढे दाणे, कडेला गाठी.

आणि तेवढ्यात भाचा कॅमेऱ्याचं भिंग पुसत असताना पूड ओली व्हायला लागली. जुलैमधला कोलकाता. हवेत पाणी की पाण्यात हवा हे न कळणारे दिवस. नवसागर हवेतला ओलावा पितो. बघता बघता पांढऱ्या पाठीवर घाम फुटला आणि दाणे विरघळून चिकट ओघळ आले. दगड धुतला, वाळवला, पुन्हा शाई, पुन्हा धूर. पुन्हा घाम. मास्टरमोशाय पंख्याचा वेग वाढवायला धावले, तर पूड उडाली. शेवटी माझ्या झोपायच्या खोलीतलं एसी यंत्र लावून, दारं बंद करून, तिथंच गॅसची छोटी शेगडी नेऊन फोटो निघाले. तो आठवडा आमच्या उशांना कल्हईचा वास येत होता.

फोटो मोठे करून बघताना भाच्याला एक शंका आली आणि ती घरात सगळ्यांनाच लागली. कवचाच्या बाजूला जी शिवण असते ती उसवलेली दिसत होती. खेकडा वाढतो तसं त्याचं कवच वाढत नाही, म्हणून तो ते टाकतो. शिवण सुटते, पाठ मागच्या बाजूनं उचलली जाते आणि खेकडा पाठमोरा बाहेर निघतो. टाकलेलं कवच पाय, नांग्या, डोळ्यांच्या देठांच्या आवरणासकट सबंध खेकड्यासारखंच दिसतं. एक खेकडा हे आयुष्यात अनेकदा करतो.

"म्हणजे ह्या दगडात खेकडा मेलेला नाही?" मामीनं विचारलं.

"मेला असेलच. पण ह्यात नाही."

"मग ह्यात काय आहे?"

"त्यानं टाकलेलं."

मामी बराच वेळ काही बोलली नाही. काही कोटी वर्षांपूर्वी कोणीतरी उतरवून फेकलेल्या अंगरख्यासाठी आपण आठवडाभर नवसागर खाल्ला हे तिच्या मनात आलं असावं. "आणि तो पुढं कुठं गेला?" एवढंच तिनं विचारलं.

भाचा रोज बसनं चौरंगीवरच्या भूविज्ञान सर्वेक्षणाच्या ग्रंथालयात जायचा. तिथं फर्डिनांड स्टोलिचकाचा १८७१ चा निबंध आहे: सिंध आणि कच्छमधले दगडी खेकडे. हा माणूस मोरावियाचा, जन्म १८३८. १८६२ मध्ये नोकरीला कोलकात्यात आला. दक्षिणेतले शंख-शिंपले संपवले, पक्षी बघितले, गोगलगायी बघितल्या आणि मधल्या वेळात खेकडे उरकले. सोळा पानं आणि चित्रांचे तक्ते. त्यांतच टायपिलोबस ग्रॅन्युलोसस हा दाणेदार खेकडा, पॅलिओकार्पिलियस रुगिफर हा भारदस्त खेकडा, आणि कच्छचा नकाशा करणाऱ्या विन साहेबांच्या नावाचा नेप्च्युनस विनियानस. १८७४ मध्ये यारकंदच्या मोहिमेवरून परतताना लडाखच्या थंड वाळवंटात स्टोलिचका गेला. वय अवघं छत्तीस. लेहला त्याची समाधी आहे. त्या तक्त्यांतली चित्रं हातानं काढलेली. नवसागर नाही, कॅमेरा नाही, कंदिलाच्या उजेडात एकेक दाणा काढलेला. भाचा म्हणतो, आमच्या फोटोत न दिसलेली एक गाठ त्या चित्रात दिसते.

ह्याच वास्तूच्या आसपास नंतर एक मालवणी माणूसही वावरला, हे कळल्यावर आमच्या घरात त्या विषयाला एकदम माहेरचा दर्जा मिळाला. शंकर पुरुषोत्तम आघारकर. जन्म १८८४, मालवण. सह्याद्रीतल्या गोड्या पाण्यात त्यांनी इवली जेलीफिश शोधली. असला जीव आफ्रिकेतच असतो असं तोवर मानत. मग कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९४६ मध्ये निवृत्त होऊन पुण्यात त्यांनी जी संस्था काढली ती आज त्यांच्याच नावानं चालते. मालवणचा माणूस, आणि कोलकात्यात येऊन झाडांचा प्राध्यापक झाला, खेकड्यांचा का नाही, हे मात्र बायकोला अजून कळलेलं नाही. तिच्या मते त्यांना इथं नारळ मिळाला नसावा.

दगडाची किंमत त्याच्या चिठ्ठीत असते हे मला ह्या निमित्तानं समजलं. भाच्याच्या प्रत्येक गोट्याबरोबर कागदाचा कपटा: गाव, ओढा, कुठला थर, कोणी उचलला, कधी. कपटा हरवला तर कितीही देखणा खेकडा कपाटाचा धनी; कोणी त्याला पाटावर बसवत नाही. आपल्याकडे नवख्या माणसाला पहिला प्रश्न "मूळ गाव कुठलं?" असा करतात आणि आडनाव, पगार, शिक्षण वगैरे सगळं त्यानंतर येतं, तेव्हा शास्त्र म्हणून हे आपल्याला परकं नाही. आमच्या गोट्याच्या कपट्यावर लखपत तालुक्यातला एक ओढा होता. मूळ गाव चोख. पोटाचा पत्ता नव्हता, पण स्थळ पुढं न्यायला हरकत नव्हती.

तेव्हा पाड्यात अशी बातमी पसरली की मराठी दादांच्या घरी नवी जात निघाली आहे. मास्टरमोशायांनी नावाची समितीच नेमली. खिदिरपुरात मायकेल मधुसूदन दत्त राहिले, रंगलाल राहिले, हेमचंद्र राहिले. कवींच्या ह्या गावाचं नाव एखाद्या खेकड्याला मिळायला काय हरकत आहे, असा त्यांचा सवाल. "खिदिरपूरेन्सिस," त्यांनी लॅटिन शेपूट स्वतःच लावलं. भाच्यानं सांगितलं की सापडलेल्या गावाचं नाव द्यायचा प्रघात आहे आणि हा कच्छचा आहे. धूर तर खिदिरपूरचा होता, हा मास्टरमोशायांचा मुद्दा. मामीनं मालवण सुचवलं. मी काही सुचवलं नाही. स्वतःचं नाव देणं असभ्य समजतात हे मी आधीच विचारून घेतलं होतं. मासेवाल्याला कळलं तेव्हा तो म्हणाला की नाव काहीही द्या, पण पोट दाखवल्याशिवाय घेणार कोण?

पंधरवड्यानं भाचा ग्रंथालयातून आला तो जरा गप्पच होता. जेवताना त्यानं सांगितलं. खोबणींची ठेवण जुळली, कडेच्या गाठी, मोडलेली धरून, जुळल्या. फरक होता तो आकारमानाचा आणि पाठीच्या गुळगुळीतपणाचा, आणि तो वयाचा निघाला. खेकड्याचं पोर मोठ्यासारखं दिसत नाही; लहानपणी डोळ्यांमधलं अंतर अंगाच्या मानानं जास्त असतं, दाणे कमी, गाठी अर्धवट. आजवर किती पोरं आईबापांहून वेगळी जात म्हणून छापली गेली असतील याची गणती नाही. आमचा हा पॅलिओकार्पिलियस रुगिफरचाच कोणी लहानगा. शपथ घ्यावी इतकी खात्री नाही, म्हणून नावाच्या मधे दोन अक्षरांची एक संक्षिप्त खूण घालून लिहायचं. तिचा अर्थ, त्याच्यासारखा दिसतो, पुढचं पुढं.

मास्टरमोशाय रात्रीचे ताबडतोब आले. त्यांनी भाच्याच्या फोटोप्रतीतलं स्टोलिचकाचं चित्र घेतलं, दगड घेतला, चष्मा कपाळावर चढवून दोन्हीकडे आळीपाळीनं बघितलं. दात मोजले. आठच आले त्यांना. मग निबंधाच्या पहिल्या पानावरचं साल वाचलं.

"अठराशे एकाहत्तर," ते म्हणाले. "एक खेकडा ठेवला नाही रे ह्या माणसानं आपल्यासाठी! एवढी घाई काय होती?"